मात्रा कोण?

“ही मात्रा कोण?” मास्तरीणबाईंनी चहाचा कप टेबलावर आदळला.

मराठीच्या मास्तरांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं. लग्न नवीन असताना त्यांनी एक प्रेमाचं खंडकाव्य छापलं होतं. नायिका नदीकाठी वाट बघते आणि नायक दोनशे ओळी उशिरा पोचतो. त्याच्या प्रती माळ्यावर सुखाने पडून होत्या. पण एक प्रत रद्दीतून कुणा संगीतकाराच्या हाती लागली, त्याने ‘मात्रा, थांब जरा’ला चाल लावली आणि गाणं घरोघरी वाजू लागलं. गल्लीत दोन मुलींची नावं मात्रा ठेवली गेली. कोपऱ्यावर ‘मात्रा ब्यूटी पार्लर’ उघडलं. औषधांच्या दुकानानेही पाटी बदलली. तिथे निदान ते नाव शोभलं.

“कल्पनेतली आहे गं ती.”

“कल्पनेतल्या बाईच्या डाव्या गालावर तीळ असतो? माझा उजव्यावर आहे.”

तेवढ्यात पार्लरवाली आली. “मास्तर, मात्राताईंचा एखादा फोटो द्या ना. भिंतीवर लावते.”

ती जिना उतरते न उतरते तोच मास्तरीणबाईंनी बॅग काढली. बहिणीकडे जायचं होतं, आणि परतीचं काही बोलल्या नाहीत. मास्तरांनी वर्तमानपत्र खाली टाकलं. नाव गेलं तरी चालेल, पण बायको जाता कामा नये.

“अगं, मात्रा नावाची कुणी नाहीच! छापखान्याचा घोळ आहे तो. नायिकेला तुझं नाव होतं. पण ओळ एका मात्रेने कमी भरत होती. प्रुफात जिथे जिथे तुझं नाव होतं, तिथे मी गोल करून वर ‘मात्रा’ लिहिलं, मागाहून बघू म्हणून. त्या शहाण्याने तुझं नाव काढून तेच घातलं!”

“आणि तुम्ही गप्प बसलात?”

“लोक म्हणाले, काय वेगळं नाव आहे!”

“आणि तीळ?”

“समोरून बघितलं की तो डावीकडेच दिसतो.”

बाईंचा हात बॅगेच्या चेनवर थांबला. त्यांना बरं वाटलं होतं, पण लगेच दाखवायचं नव्हतं. “इतकी वर्षं घरात बसले, आणि ओळीत बसत नाही म्हणे! माझं नाव घालून म्हणा बघू.”

मास्तरांनी बोटांवर मात्रा मोजत ओळ म्हटली. मग पुन्हा म्हटली. “अरेच्चा, बसतेय की! मी तेव्हा शेवटची वेलांटी पहिली धरली होती.”

“पहिली?” बाई कडाडल्या. “वेलांटीपायी आयुष्यभर पोरांचे मार्क कापलेत, आणि बायकोचं नाव लिहिता येत नाही? दुसरी आहे, दुसरी!”

विसरलेली छत्री न्यायला परत आलेली पार्लरवाली जिन्यात जागच्या जागी थबकली, आणि छत्री न घेताच खाली पळाली.

संध्याकाळपर्यंत मास्तरांची दुसरी आहे हे सगळ्या गल्लीला कळलं. औषधवाल्याने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. पार्लरवालीने डोळे पुसत मास्तरीणबाईंचं फेशियल फुकटात करून दिलं.

बाईंनी खुलासा केला, पण चेहरा धुऊन झाल्यावर.