तळ्याच्या निळ्या काठाची हकीकत

श्रीजलदेवता सुप्रसन्न. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सर. खर म्हणजे गाढव, आणि साल नावास जागले. एके राज्यी थोर तळे होते, आणि त्याचा काठ दर पावसाळ्यात खचत असे, आणि काठाची देखरेख हैबतराव पाणसरे यांजकडे होती. हैबतरावांनी दगडी भिंत घातली, ती तळ्याने गिळली. मग दुसरी घातली, तीही गिळून ढेकर दिली. मग दरबारी ठरले की, पुढील सालचा पावसाळा पाहावा, काठ न टिकल्यास काठवस्ती उठवून माळावर न्यावी. हैबतरावांचे घर त्याच वस्तीत, आणि माळावर ना पाणी ना मासळी; त्यांचा जीव कासावीस जाहला. ऐसियास आषाढमासी राणीसाहेबांनी भर दरबारी फर्माविले, "पुढील सालच्या गौरींस निळा काठ झालाच पाहिजे." हुकूम कोष्ट्यांस, लुगड्याचा होता. परंतु हैबतराव डुलकी घेत होते, ते 'काठ' ऐकताच दचकून उठले आणि मुजरा करून "होय सरकार!" बोलिले, आणि तडक घरी आले.

पत्नी गोजराबाई चुलीपुढे होत्या.

"अगं, काठ निळा करायचा हुकूम झालाय! तळ्यात नीळ कालवू की काय?"

"डोकं ठिकाणावर आहे ना? निर्गुडी लावा की. निळी फुलते, ओल सोसते, अन् गुरं तोंड लावत नाहीत."

मग सारी वस्ती लोटली आणि निर्गुडीच्या फांद्या चिखलात खोचल्या, आणि त्या फुटल्या, आणि मुळांनी माती ऐसी धरिली की पुढील पावसात तळे आदळून आपटून थकले, ढेकूळ सुटले नाही. निळे तुरे आले, मग मधमाश्यांची फौज दाखल जाहली, आणि इतकी साले नुसतीच फुले गाळणाऱ्या भोपळ्यांस फळ धरले.

गौरी आल्या, लुगडे आले नाही. कोष्टी म्हणाले, "हुकूम हैबतरावांनी उचलला." तेव्हा राणीसाहेब जातीने तळ्यावर आल्या.

"आमचा निळा काठ कोठे?"

हैबतरावांनी छाती फुगवून तळे दाखविले.

"आम्ही लुगडे सांगितले होते!"

हैबतरावांचे तोंड उतरले, डोळ्यांपुढे माळ दिसू लागला. तेव्हा गोजराबाई पदर सावरून पुढे जाहल्या आणि बोलिल्या, "सरकार, तुमच्या आधी तळंच नेसलं."

राणीसाहेबांस ऐसे हसू आले की डोळे पुसावे लागले, आणि वस्ती उठविण्याचा ठराव त्यांनी तेथेच रद्द केला.

सारांश, काठ राहिला, वस्ती राहिली, आणि राणीसाहेब गौरींस जुनेच लुगडे नेसल्या.