नापास पेन्सिलीने

परबकाकांनी टेबलावर पेढ्यांचा खोका उघडून ठेवला की आमच्या कुवेत सिटीच्या ऑफिसात नवीन आलेला माणूस हमखास विचारतो, "काय विशेष?"

"गोपाळ बाबाजी तारी मराठी तिसरी पास झाला."

"अरे वा! नातू का?"

"छे हो! इंग्रजांच्या अमदानीतला. वय वर्षे पंधरा. चौथ्या खेपेला निघाला बिचारा. त्याच्या घरी तेव्हा पेढे कोण वाटणार होतं?"

नवीन माणूस पेढा हातात धरून आमच्याकडे बघत राहतो. आम्ही खुणेने "खा, खा" म्हणतो. आमचा इजिप्शियन मॅनेजर दोन पेढे उचलतो आणि दर वेळी मनापासून "मबरूक", म्हणजे अभिनंदन, म्हणतो. परबकाकांना निदान सत्तर मुलगे असावेत अशी त्याची समजूत आहे, आणि ती दूर करण्याइतकं अरबी आमच्यात कोणालाच येत नाही.

गुरुनाथ परब. मूळ गाव सिंधुदुर्गात, मुक्काम कुवेतच्याच जलीब वस्तीत, एका खोलीत चौघे. कंपनीची रेकॉर्डरूम सांभाळतात. लग्न केलं नाही. का नाही म्हणून मी एकदा विचारलं, तर "रवांदे, मॅडम," म्हणजे राहू द्या, एवढंच म्हणून फायली लावायला लागले. सगळ्या संसारात जपण्यासारखी वस्तू एकच, मांजरपाटात गुंडाळलेलं एक जाडजूड रजिस्टर. त्यांचे आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत हेडमास्तर होते, त्यांनी ठेवलेली ही घरची प्रत. नाव, वय, इयत्ता, निकाल आणि नापास असेल तर कारण. लोक पोथी वाचतात तसं काका हे वाचतात. रोज एक पान, आणि रखडलेलं पोर पास झालेलं सापडलं की पेढे.

त्यातली वयं म्हणजे आनंदच होता. एकाच दुसरीत आठ वर्षांचा बाळू आणि मिसरूड फुटलेला सतरा वर्षांचा विठू. जन्मतारीख कोणाच्या आईला ठाऊक होती? आजोबा पोराला समोर उभं करायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान लागला की वय सहा, घाला शाळेत. नाही लागला, तर पुढच्या वर्षी या.

आणि आजोबांची एक खोड होती. पास शाईने लिहायचे, नापास पेन्सिलीने. तपासणीला आलेले दिपोटी साहेब खवळले, "मास्तर, हे सरकारी काम आहे!" आजोबा म्हणाले, "साहेब, पोर पुढच्या वर्षी परत बसणार आहे. शाई पुसता येत नाही." ही गोष्ट काकांनी मला किमान वीस वेळा ऐकवली असेल. दर वेळी शेवटी ते स्वतःच "व्हय म्हाराजा" म्हणायचे आणि डोळे पुसायचे.

अशा माणसाला मराठी मंडळाच्या गुणगौरवाला बोलवू नये. मी बोलावलं. अठ्ठ्याण्णव टक्केवाली मुलं रांगेत उभी, आयांच्या माना ताठ, आणि हे मागून उठून विचारतात, "नापासांचा सत्कार कितीक वाजता आहे?" मी माझ्या खुर्चीत इतकी खाली सरकले की पुढच्या बाईंच्या अंबाड्याखेरीज मला काही दिसेना. घरी येताना गाडीत मी त्यांना चांगलंच झापलं. मी नाशिकची आहे, तोंडाने फटकळ. ते नुसते हसत होते.

पुढच्याच वर्षी माझी ईरा बारावीला फिजिक्समध्ये नापास झाली.

आता खरं सांगते. मी ओळखीपाळखीत "निकाल तांत्रिक कारणाने अडकलाय" असं सांगत सुटले. आणि घरात पोरीला म्हणाले, "तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." बोलून गेले. त्यानंतर तिने खोलीचं दार लावून घेतलं ते दोन दिवस. जुलैत पुन्हा परीक्षा होती, फॉर्म भरायला तीन दिवस उरले होते. आतून एकच उत्तर, "नॉट डुइंग इट, मम्मा. गो अवे." ताट दाराशी ठेवायचं आणि तसंच उचलायचं. नवऱ्याने समजावून पाहिलं, मी हात जोडले. माझं तर धाबं दणाणलं होतं.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. परबकाका. काखेत रजिस्टर, हातात पेढे नाहीत. त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. चप्पल काढून ते सरळ ईराच्या दाराबाहेर फरशीवर मांडी घालून बसले आणि मोठ्याने वाचायला लागले.

"लक्ष्मण सखाराम, वय तेरा, इयत्ता दुसरी, नापास. कारण, होळीत पाय भाजला. धोंडू रामा, वय बारा, इयत्ता पहिली, नापास. कारण, म्हैस हरवली."

काका वाचतच राहिले. दहाबारा नापास झाल्यावर आतून आवाज आला, "हू आर दीज पीपल?"

"माझी माणसं गो बाय."

"म्हैस म्हणजे बफेलो ना? ही फेल्ड बिकॉज ऑफ अ बफेलो?"

"व्हय तर! परीक्षेच्या दिवशीच पळाली. शिरां पडो तिच्या तोंडार."

"मग? सापडली?"

"म्हैस सापडली काय माहीत नाही. धोंडू पुढच्या वर्षी पास. खोडून पुसट झालेल्या पेन्सिलीवरच इथे शाईने लिहिलंय, बघ."

कडी वाजली. माझी पोर सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी फरशीवर बसली. मी स्वयंपाकघराच्या दारातच थांबले, पुढे व्हायची हिंमत होईना. ती पानं उलटत शेवटच्या पानावर गेली. तिथे एकच ओळ होती, पुसट, पेन्सिलीची, वेगळ्याच अक्षरात. गुरुनाथ परब, वय सोळा, इयत्ता दहावी, नापास. कारणाचा रकाना रिकामा.

"धिस इज यू?"

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "आजोबा हेडमास्तर, बाबा पण हेडमास्तर. निकालाच्या दिवशी बाबा पेढे आणून पडवीत बसलेले. मी शाळेच्या मागून एसटी पकडली ती थेट मुंबई. घरी गेलोच नाही. दोन वर्षांनी गेलो, तेव्हा बाबा नव्हते. आईने हे रजिस्टर हातात दिलं. तेव्हा ही ओळ बघितली, बाबांनी लिहिलेली."

ईरा त्या ओळीकडे बघत होती. "त्यांनी पेन्सिलने लिहिलं," ती हळूच मराठीत म्हणाली.

"पेन्सिलीने," काका म्हणाले.

फॉर्म तिने त्याच संध्याकाळी भरला. मी तिची माफी मागितली, ती म्हणाली, "इट्स ओके," आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

जुलैच्या परीक्षेत ती पास झाली. या वेळी ऑफिसात पेढे मी वाटले. मॅनेजर "मबरूक" म्हणाला आणि सवयीने परबकाकांना मिठी मारून गेला! संध्याकाळी ईरा स्वतः पेढे घेऊन त्यांच्याकडे गेली, मी सोबत होते. खाटेवर बसून तिने रजिस्टर मागितलं.

"काका, तुम्ही परत का नाही बसलात एक्झामला? सतरा नंबरचा फॉर्म असतो. मी गुगल केलंय."

"बसलो आणि पास झालो तर ही ओळ पुसावी लागेल ना गो." त्यांनी पानावर तळहात ठेवला. "माझ्या नावाचं बाबांचं एवढंच अक्षर आहे माझ्याकडे."

चाळीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या पासाचे पेढे वाटत होता, आणि स्वतः मुद्दाम नापास राहिला होता.

ईराला मात्र यात अडण्यासारखं काहीच दिसलं नाही. "मग पुसू नका. खाली नवीन ओळ लिहू." तिने पर्समधून पेन काढलं आणि त्या पेन्सिलीच्या ओळीखाली, तिच्या वेड्यावाकड्या मराठीत, लिहायला लागली. गुरुनाथ परब. इयत्ता दहावी. निकालाची जागा तिने मोकळी सोडली.

"वय काय लिहू?"

परबकाकांनी हातातला पेढा खाली ठेवला. मग खाटेवर ताठ बसले. उजवा हात उचलून डोक्यावरून पलीकडे नेला आणि डावा कान पकडला.

"लागला," ते म्हणाले. "घाला शाळेत."