गाडीची दाढी

देवळीतले आमचे शेजारी वामनकाका रोज सकाळी गाडीची दाढी करायचे. चेष्टा नाही! बॉनेट उघडून स्वतःच्या दाढीच्या ब्रशाने थंड इंजिनाच्या नळ्यांवर साबणाचा फेस फासायचे. स्वतःची दाढी मात्र आठ-आठ दिवसांची.

त्यांचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. ऐंशीच्या आसपास गावात मोटारी तीन-चारच, त्यातली एक काकांची. गाडी पळावी म्हणून त्यांनी नागपूरहून 'हेडर' आणून बसवला होता. म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांचा जुडगा. गाडी पळायची खरी, पण जोडातून धूर फुसफुसायचा. ते फुसफुसणं बंद करण्यातच काकांचा दिवस जायचा आणि आम्ही पोटभर हसायचो.

गावातल्या कुठल्याही पोरीची पाठवणी असो, गाडी काकांची, तीही फुकट. माझी बहीण लता हिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी आठवण करून द्यायला गेलो, तर सायलेन्सरच्या तोंडाला लोहाराचा भाता बांधलेला!

"उभा काऊन राह्यला? भाता मार!"

मी मारला. मग भाता काकांनी स्वतः धरला आणि मला फेसापुढे उभं केलं.

"बुडबुडा दिसते का?"

"नाई काका."

"नीट पाह्य!"

आला की इवलासा बुडबुडा! झालं. नळ्या सोडल्या, त्या इंजिनाला जिथे टेकतात ती पट्टी कानशीने सपाट केली, नवं पॅकिंग घालून बोल्ट आवळले. गाडी तापवली, निवू दिली, पुन्हा आवळले. आणि मग काकांनी जे केलं त्याने माझी बोबडीच वळली. इंजिन चालू ठेवून ते मागच्या सीटवर बसले, चारही काचा लावल्या आणि पडदे ओढून घेतले.

अरे बाप रे, हा माणूस मरतो की काय! मी दार ओढलं. आतून बंद.

"काका, उघडा!"

"अर्धा तास थांब!" आतून आवाज आला. "वर्ध्यापर्यंत लता तितकाच वेळ बसन."

तेवढ्यात काकांची मुलगी सुमाताई तांब्याभर पाणी घेऊन ओट्यावर आली. लग्नानंतर महिन्याभरातच ती माहेरी परतली होती. तिला मिरगी आहे, एवढंच गाव जाणत होतं.

"भिऊ नको. दर लग्नाले असंच करते बाबा."

"पण काऊन?"

"माह्या लग्नाच्या आठ दिवस आधी हेडर लावला होता. पाठवणीत पडदे, काचा, सारं बंद. धूर आत आला. सासरच्या दारात उतरवलं तं मी बेशुद्ध. सासू म्हणे, मिरगीची पोरगी लपवून देल्ली."

"मंग धूर होता म्हणून सांगतलं नाई कोणी?"

"बाबाले मागून समजलं. दहा खेपा गेले सांगाले. कोणी दारात उभं केलं नाई."

त्या फेसाला मी किती हसलो होतो! स्वतःचीच लाज वाटली.

अर्ध्या तासाने तिने काच वाजवली. "बाबा, झालं. उतरा." काका घामाने निथळत उतरले.

"डोकं दुखते?" तिने विचारलं.

"नाई."

"मळमळते?"

"नाई." पाणी पिऊन ते माझ्याकडे वळले. "तरी बी काच उघडीच ठेवजो."

दुसऱ्या दिवशी लता हुंदके देत मागे बसली, मी पुढे. काका गाडी चालवत होते. दर मैलाला मान वळवून विचारायचे, "सुमे, घेरी तं नाई येत?"

लताने एकदाही नाव सुधारलं नाही. डोळे पुसून दर वेळी म्हणाली, "नाई बाबा."