सोयरीक नसलेला मुलूख

प्रेम ही पवित्र भावना आहे याबद्दल आमच्या गावात दुमत नाही. मतभेद आहे तो फक्त अंतराबद्दल. प्रेम सातासमुद्रापलीकडे झाले तर त्याला बलिदान म्हणतात. मुंबईला झाले तर लव्ह मॅरेज, नागपूरला झाले तर ‘आजकालची पोरं’, गोंदियाला झाले तर प्रकरण आणि तिरोड्याला झाले तर भानगड. आपल्याच गल्लीत झाले तर त्याला आमच्याकडे शब्द नाही. दार लावून घेतात.

आमचे गाव चोरखमारा तलावाच्या खालच्या अंगाला, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये आहे. नाव सांगत नाही. गाव तंटामुक्त आहे, ते तसेच राहिलेले बरे. मी गावच्या तंटामुक्ती समितीचा सचिव. गावातले भांडण कोर्टात न जाऊ देता गावातच मिटवणे हे समितीचे काम. प्रेमात पडलेली पोरे पुढे आली की ग्रामपंचायतीसमोर हार घालून त्यांचे लग्न लावून देणे, हेही समितीचेच काम. (जात एक असली तर लगेच. नसली तर समिती विचार करते. समिती फार विचारी आहे.) अशा लग्नात अध्यक्ष चुन्नीलालभाऊ मधोमध उभे राहतात, वधू-वर कडेला. पेपरात फोटोही तसाच येतो, आणि कधी कधी जागेअभावी वर कापला जातो.

आमच्या गावचा प्रफुल तिरोड्याला लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याच्याकडे ड्रोन आहे. इतरांच्या लग्नावर ड्रोन उडवून कंटाळल्यामुळे म्हणा किंवा धानाच्या हंगामात लग्ने नसतात म्हणून म्हणा, त्याने पिक्चर काढायचे ठरवले. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईची जत्रा भरते, घरोघर पाहुणे येतात, नाटक होते आणि नाटकाच्या निमित्ताने पोरापोरींच्या सोयरिकी जुळतात. या वर्षी नाटकाऐवजी गावचे पिक्चर दाखवू, असे प्रफुलचे म्हणणे. गोष्ट गावातल्या एका प्रेमाची होती. तलावाच्या पाळीवर शूटिंग करायचे म्हणून तो परवानगीला समितीपुढे आला.

चुन्नीलालभाऊंनी एकच प्रश्न विचारला. “पोट्टा कोणाच्या घरचा?”

प्रफुल म्हणाला, “कोणाच्याच घरचा नाही जी. गोष्ट आहे ते.”

“गोष्ट असो का काई असो. आडनाव कोणतं ठेवलं?”

इथे गाडी अडली. जे आडनाव ठेवावे त्या आडनावाची घरे गावात होती, आणि ज्याची नव्हती त्याची शेजारच्या गावात होती. समितीने सुचवले की प्रेम थोडे पलीकडे न्यावे. प्रफुलने ते भंडाऱ्याला नेले. तिथे अर्ध्या गावाच्या सासुरवाड्या निघाल्या. बालाघाटला नेले तर उरलेल्या अर्ध्या गावाच्या. रायपूरला नेले तेव्हा श्यामलाल उठून म्हणाला, “माह्या पोरीची बोलणी सुरू आहेत तिकडं.” प्रेम असे हटत हटत समुद्रापर्यंत गेले आणि पलीकडे युरोपात, फ्रान्सच्या बाजूला कुठेतरी जाऊन उभे राहिले. तिथेही श्यामलालच हरकतीला उठला, कारण त्याचा साळा जर्मनीत वेल्डिंगला आहे. मग जागा तीच ठेवून काळ मागे घ्यायचे ठरले. अठराव्या शतकात श्यामलालचा साळा नव्हता, हे त्याने स्वतः मान्य केले.

“तिथं आपली सोयरीक नाही ना कोणाची?” चुन्नीलालभाऊंनी सभेला विचारले. नव्हती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

अशा रीतीने आमच्या गावात अठराव्या शतकातल्या युरोपच्या राजघराण्यावरचे, तलवारबाजीचे, घोडदौडीचे आणि प्रेमाचे पिक्चर निघाले. गोष्ट सरळ होती. राजकन्येचे लग्न राजाने एका कपटी सरदाराशी ठरवले आहे. तिचे मन मात्र राजाच्या पागेतल्या, घोड्यांची लीद काढणाऱ्या तलवारबाजावर आहे. तो तिला पळवतो, राजा पाठलाग करतो, तलवारी खणाणतात आणि शेवटी राजाला शहाणपण येते.

“शेवटी तो पागेतला पोट्टा राजपुत्रच निघते ना?” चुन्नीलालभाऊंनी विचारले.

“नाही जी. पागेतलाच राहते.”

मग कोणीतरी आठवण करून दिली की हे तिकडचे आहे. समितीने चहा मागवला.

राजाच्या भूमिकेसाठी टिकाराम पटले यांची निवड झाली. टिकारामकडे दहा एकर धान, मोठी मिशी आणि हर्षा नावाची मुलगी आहे. ती गोंदियाला कॉलेजात शिकते आणि राजकन्येची भूमिका तीच करणार होती. बाप राजा झाला तर पोरीवर लक्ष राहील, असा टिकारामचा हिशेब होता. (लक्ष राहिले. कॅमेऱ्याचे जास्त राहिले, एवढेच.) तलवारबाज झाला नहराच्या, म्हणजे तलावाच्या कालव्याच्या, पलीकडे राहणाऱ्या देवाजीचा विवेक. पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधण्याचे काम करतो, आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत त्याच्यासारखी लाठी कोणी फिरवत नाही. दुसऱ्या कोणाला घ्यावे तर घोड्यावरून पडून पुन्हा उठणारा दुसरा माणूस गावात नव्हता. देवाजीच्या घरात बाबासाहेबांची तसबीर आहे आणि टिकारामच्या घरात नाही. याहून जास्त या विषयावर आमच्या गावात कोणी बोलत नाही. बोलले की तंटा होतो.

शूटिंगबद्दल लोक उगाच हसतात. प्रत्येक दृश्यात मागे तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात हे खरे, पण त्या शत्रुराज्याचे बुरूज आहेत असे राजा सुरुवातीलाच सांगतो. पांढरे केस कापसाचे होते, तलवारी ट्रकच्या कमानपट्ट्यांच्या आणि राजवाडा राइस मिलचा. घोडे वरातीचे आणले. ते वाजंत्र्याशिवाय पाऊल उचलेनात, म्हणून बँडही आणावा लागला. त्यामुळे आमच्या पिक्चरमधला जीवघेणा पाठलाग वरातीच्या चालीने होतो, आणि प्रत्येक दारापुढे दोन्ही बाजूंचे घोडे ओवाळून घ्यायला थांबतात. सरदार झालेला जागेश्वर तलवार उपसून मागे थांबून राहतो. युरोपातही अशीच पद्धत असणार. नसली तर चूक त्यांची.

तलवारबाजीला समितीची हरकत होती, कारण झुंज म्हणजे तंटा. शेवटी असे ठरले की झुंज दाखवावी, पण मिटलेली दाखवावी. म्हणून प्रत्येक झुंजीनंतर दोघे वीर धाप टाकत तीन पंचांपुढे बसतात आणि चहा पितात.

शेवटच्या लग्नाचा प्रश्न आला. युरोपात लग्न कसे लावतात हे प्रफुलला ठाऊक नव्हते. मला तर नव्हतेच, आणि मीच तिथला मुख्य धर्मगुरू होतो. (झगा खिडकीच्या पडद्याचा.) तेव्हा आपण लावतो तसेच लावावे असे ठरले. समितीचे प्लास्टिकचे हार कपाटातून काढले. चुन्नीलालभाऊ मधोमध उभे राहिले. कापसाचे केस घातलेला टिकाराम पुढे आला. त्याला संवाद लिहून दिला होता, त्यात रक्त, सिंहासन, सूर्य वगैरे शब्द होते. टिकाराम ते सगळे विसरला. त्याने पोरीकडे पाहिले, विवेककडे पाहिले, आणि तिचा हात त्याच्या हातात ठेवून आपल्याच मनाने म्हणाला, “जा बाई. माणूस चांगला आहे. बाकीचं का पाह्यचं!”

हर्षा रडली. ते लिहिलेले नव्हते. बँडवाल्यांपैकी एकाने डोळे पुसले आणि घोडे आपोआप चालू लागले. प्रफुलने तो तुकडा तसाच ठेवला.

मंडईला पिक्चर दाखवले तेव्हा मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. पागेतल्या पोराने राजकन्येला घोड्यावर घेतले तेव्हा शिट्ट्या वाजल्या. जागेश्वरच्या तोंडावर, म्हणजे पडद्यावरच्या, चप्पल बसली. टिकारामच्या त्या वाक्याला तर सारे गाव हुंदके देत होते. बायांनी पदर डोळ्यांना लावले. श्यामलाल मला म्हणाला, “बाप असावा तर असा जी.” लोकांनी टिकारामला खांद्यावर घेतले. विवेकलाही घेणार होते, पण तोपर्यंत लोक थकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षा आणि विवेक समितीपुढे उभे राहिले.

आमचे लग्न लावून द्या, असे म्हणतील अशी आमची अपेक्षा होती, आणि समिती विचार करायच्या तयारीत बसली होती. पण हर्षा म्हणाली, “काकाजी, लग्न तर झालं ना आमचं. तुमी मधात उभे होते.”

“अवो बाई, ते पिक्चर होतं!” चुन्नीलालभाऊ म्हणाले.

“मंग दुसऱ्यांचं लावता तवा वेगळं काय करता जी?” विवेक म्हणाला. “हारही तेच होते.”

हा मुद्दा बिनतोड होता. हार तेच होते. देवाजीलाही समितीने बोलावले होते. तो पायरीवर बसला. वर सतरंजीवर जागा होती.

टिकारामला विचारले. तो खाली पाहत होता. हर्षा त्याच्यापुढे जाऊन बसली. “बाबूजी, तुमीच म्हटलं होतं. माणूस चांगला आहे म्हणून. तुमाले कोणी लिवून नोतं देल्लं.”

“ते राजानं म्हटलं बाई,” टिकाराम म्हणाला. “मी थोडी राजा आहो? राजाले कोणाच्या घरी जेवाले जायचं नसते.”

“मंग माणूस वाईट आहे का जी?”

टिकारामइतके वाईट वाटलेला माणूस मी समितीपुढे दुसरा पाहिला नाही, आणि तरी विवेकला वाईट तो म्हणाला नाही, लग्नाला ‘हो’ही म्हणाला नाही.

समितीने दुपारपर्यंत विचार केला. लग्न खोटे म्हणावे तर समितीने आजवर त्याच हारांनी लावलेली सगळी लग्ने संशयात येत होती, आणि त्यातली दोन पेपरात आलेली होती. खरे म्हणावे तर गावात लग्न झाले असे होत होते. अखेर मीच तोडगा काढला. सचिव म्हणून तो मला अभिमानाने सांगावासा वाटतो. ठराव असा: सदरहू विवाह अठराव्या शतकातल्या युरोपात, राजाच्या संमतीने व धर्मगुरूच्या साक्षीने यथाविधी झालेला असून तिकडे तो पूर्णपणे कायम आहे. समितीची हद्द नहराच्या अलीकडे संपते. सबब वधू-वरांनी जिथे लग्न झाले तिथे सुखाने नांदावे.

“म्हंजे तिथं आमी नवरा-बायको, अन इथं?” विवेकने विचारले.

“इथं कलाकार,” चुन्नीलालभाऊ म्हणाले. “गावाले अभिमान आहे तुमचा.”

देवाजी पायरीवरून उठला. “चाल बाबू,” एवढेच म्हणाला. मग हर्षाकडे वळून म्हणाला, “तूही चाल बाई. उन्हात कायले उभी?”

दोघे त्याच आठवड्यात तिरोड्याहून गाडीत बसले आणि त्यांनी नागपूरला रीतसर नोंदणी करून लग्न केले. तिथे विवेक मोटारी बांधतो आणि हर्षा शिकवणी घेते. आमच्या मोजमापाप्रमाणे ती आता ‘आजकालची पोरं’ झाली, म्हणजे बरीच पवित्र झाली. गावात तंटा झाला नाही. भांडायला कोणी उरलेच नव्हते.

पिक्चर मात्र दर मंडईला दाखवतात. गाव दर वेळी तितकेच रडते. टिकाराम पुढच्या रांगेत बसतो, आणि ते वाक्य आले की त्याचे ओठ हलतात. मी शेजारीच असतो, मला ऐकू येते. यंदा त्याची बायको सुमित्राबाई मध्येच उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने त्याला विचारले, “आनखी किती दूर गेली म्हंजे तुमच्या घरी येईल जी पोरगी?” लोकांनी तिला खाली बसवले. मागच्यांना पडदा दिसत नव्हता.

ही हकिकत वाचताना आपला जीव त्या दोघांसाठी तुटला असेल. टिकारामचा राग आला असेल, समितीचे हसू आले असेल, आणि आपण तिथे असतो तर हात वर केला असता असेही वाटले असेल. हे साहजिक आहे. आमचे गाव आपल्या घरापासून पुष्कळ लांब आहे, आणि आपली तिथे कोणाशी सोयरीक नाही.