बोंडूचं डोकं कोणाकडचं

मुलांनो, एका जंगलात बाळांच्या स्पर्धा भरत असत. हसू नका. तुमच्याही आयांनी तुम्हाला पावडर फासून अशा स्पर्धेत बसवलं असेल. तुम्हाला आठवत नाही, एवढंच.

त्या जंगलात शेवरी नावाची वानरीण राहत असे. तिला पहिलाच मुलगा झाला. त्याचं नाव बोंडू. बोंडूचं डोकं मोठं होतं. हे सगळ्यांच्या आधी त्याच्या आजीच्या, भोकरबाईच्या लक्षात आलं. तिला फार आनंद झाला.

"आमच्या घराण्याची डोकी अशीच," ती म्हणाली. "याचे आजोबा तर तोल सांभाळून फांदीवर बसायचे."

भोकरबाई रोज नातवाच्या टाळूवर तेल जिरवी. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मधोमध मऊ जागा असते, ती टाळू. ती हाताला लुसलुशीत आणि जराशी खोल लागते. तेल घालघालून ती भरून काढायची, अशी तिथल्या आज्यांची रीत. बाकीच्या आज्यांचे त्यात महिनेच्या महिने जात. भोकरबाईच्या नातवाची टाळू बघता बघता भरली. नुसती भरली नाही, वर आली आणि टणक झाली. शेजारच्या आज्या बोट लावून बघून गेल्या आणि घरी जाऊन आपापल्या सुनांवर डाफरल्या.

बोंडूचे गुण एवढ्यावर थांबले नाहीत. तो दिवसभर झोपून असे. "किती शांत!" उठला की प्यायलेलं दूध भडाभडा ओकत असे. "भरल्या घरचं पोर, उतू जायचंच." त्याची बुबुळं खाली उतरलेली असत, मावळत्या सूर्यासारखी, आणि वर नुसतं पांढरं दिसे. "किती विनयी! मोठ्यांपुढे नजर वर करत नाही." त्याचे अंगठे तळव्यात वळलेले असत आणि मूठ उघडत नसे. "झाकली मूठ सव्वा लाखाची," भोकरबाई म्हणे.

शेवरीलाही आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, आपल्या बाळाचं कौतुक कोणाला नको असतं? पण तिच्या मनात एक गोष्ट खुपत होती. तिला एक धाकटा भाऊ होता. तो तान्हेपणीच गेला. आई त्याची आठवण काढून म्हणायची, "फार गुणी होता गं. डोळे वर करून बघायचासुद्धा नाही."

मग स्पर्धा भरली. परीक्षक होते घुबडशास्त्री. तेच जंगलाचे राजवैद्यही होते. त्यांनी सगळ्या बाळांची डोकी वेलीनं मोजली. बोंडूचा पहिला नंबर आला. त्याच्या डोक्याच्या मापाचा गुळवेलीचा मुकुट करून त्याला घातला.

पंधरवडा गेला आणि मुकुट डोक्यात जाईना.

"वेल वाळली, म्हणून आटली," भोकरबाई म्हणाली.

शेवरीनं वेल भिजवून पाहिली. तरी जाईना. आता मात्र ती घाबरली. बोंडूला पोटाशी धरून ती वाघूळरावांच्या गुहेत गेली.

वाघूळराव हे वटवाघूळ. ते आवाज सोडत, त्याचा पडसाद ऐकत, आणि आत काय आहे ते सांगत. "बरं झालं आत्ताच आलीस," ते उलटं लटकूनच म्हणाले. "टाळू उघडी आहे तोवर माझा आवाज आत जातो. हाड धरलं की आमचं दुकान बंद."

त्यांनी टाळूपाशी तोंड नेऊन बराच वेळ ऐकलं. मग ते खूश झाले.

"वा! काय तळी आहेत! इतकी सुंदर तळी मी आजवर ऐकली नव्हती."

"कसली तळी?"

"मेंदूत चार तळी असतात. तुझ्या, माझ्या, सगळ्यांच्या. पाणी एकातून दुसऱ्यात जातं आणि शेवटी बाहेर पडतं. तुझ्या पोराचा तिसऱ्या आणि चौथ्या तळ्यामधला पाट बुजल्यासारखा आहे. त्यामुळे वरची तळी तुंबलीत. मेंदू कडेला दाबला गेलाय, थापलेल्या भाकरीसारखा. अप्रतिम."

शेवरीला रडू फुटलं. वाघूळरावांना जरा ओशाळल्यासारखं झालं.

"सुतारपक्ष्याकडे ने," ते म्हणाले. "तो कवटीला बारीक भोक पाडतो आणि बोरूची नळी घालून ती कातडीखालून पोटापर्यंत नेतो. जास्तीचं पाणी पोटात उतरतं. पण लवकर जा. दाबलेला मेंदू फार दिवस थांबत नाही."

शेवरीनं घरी येऊन सांगितलं. भोकरबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"आमच्या घराण्याच्या डोक्याला भोक? पहिल्या नंबराच्या डोक्याला?"

शेवरीचा नवरा समोरच्या झाडाकडे बघत राहिला. ते झाड रोजचंच होतं.

भोकरबाईनं घुबडशास्त्र्यांना विचारलं. ते म्हणाले, "वाघूळ जन्माचा उलटा. त्याला सगळं उलटंच दिसणार. घराण्याच्या संमतीशिवाय सुतारपक्ष्यानं या डोक्याला चोच लावायची नाही."

पुढच्या आठवड्यात बोंडूचा सत्कार होता. शास्त्रीबुवांनी त्याला मांडीवर घेऊन बुद्धीचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात बोंडूनं अंग ताठ केलं, डोळे फिरवले आणि तो जोरात ओकला. सगळं शास्त्रीबुवांच्या पिसांवर.

"हा आजार आहे!" शास्त्रीबुवा ओरडले.

मुलांनो, निदान असंच होतं. ते वैद्याच्या अंगावर यावं लागतं.

आजार म्हटल्यावर भोकरबाई एकदम मागे सरली. "आमच्यात नाही हो असलं काही! आमची डोकी बेताची. याच्या आजोबांचं डोकं तर सुपारीएवढं होतं."

"आधी नळी घालू द्या ना," शेवरी म्हणाली.

"आधी मूळ, मग उपचार," शास्त्रीबुवा म्हणाले. "आलं कोणाकडून, ते ठरू दे. कासवाला बोलवा."

जंगलातल्या सगळ्या वंशावळी कासवाला पाठ होत्या. कासव तातडीनं निघालं. तुम्हाला कासवाची तातडी माहीत आहेच. ते वाटेत असताना बोंडूची बुबुळं आणखी खाली गेली. तो आता जागा असला की बारीक, चिरक्या आवाजात रडे, आणि शेवरीला वाटे, हाही गुणी ठरून जाणार.

अखेर कासव आलं. सभा भरली. कासवानं डोळे मिटून शेवरीच्या माहेराची वंशावळ म्हटली.

"हिचा भाऊ असाच गेला. हिच्या आईचाही एक भाऊ असाच गेला. काही वेळा हा आजार वंशातला नसतो, पण इथे आहे. हा आईकडून येतो. लेकींच्यात बहुधा दिसत नाही, नुसता लपून चालतो. त्यांच्या मुलग्यांत उगवतो. सगळ्यांत नाही, निम्म्यांत. अंगठे वळलेले ही त्याची खूण. यात हिची चूक काहीच नाही."

शेवटचं वाक्य कोणी ऐकलं नाही. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

"ऐकलंत ना?" भोकरबाई म्हणाली. "हे डोकं हिच्या माहेरचं. आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही."

शेवरी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिनं वर पाहिलं.

"नक्की ना, सासूबाई? काडीचाही नाही?"

"नाही म्हणजे नाही!"

"शास्त्रीबुवा, सभेचंही हेच म्हणणं?"

"एकमतानं," शास्त्रीबुवा म्हणाले.

शेवरीनं बोंडूला उचललं आणि ती तडक सुतारपक्ष्याच्या झाडाशी गेली.

"घराण्याची संमती आहे का?" सुतारपक्ष्यानं विचारलं.

"या डोक्याचं घराणं म्हणजे मी," शेवरी म्हणाली. "भर सभेत ठरलंय. पाडा भोक."

सुतारपक्ष्यानं चोच घासली आणि भोक पाडलं. नळी बसली. पाणी उतरलं. टाळू खाली गेली, पुन्हा हाताला मऊ लागली. दुसऱ्या दिवशी बोंडूनं डोळे वर केले, आईकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. शेवरी त्याच्याहून मोठ्यानं रडली. इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता.

जंगलाला मात्र वाईट वाटलं. पोर बिघडलं. रडतं, हट्ट करतं, मोठ्यांकडे रोखून बघतं. घुबडशास्त्र्यांनी मुकुट परत मागवला.

उशीर झाला होता, त्याची किंमत बोंडूनंच भरली. त्याचे पाय ताठ राहिले. अंगठे वळलेलेच राहिले. बरोबरीची पोरं शेंड्यावर पोचली, तेव्हा तो सगळ्यात खालच्या फांदीवर चढला. पण चढला. भोकरबाई खालून ओरडून सगळ्यांना सांगत होती, "चढणं आमच्या घराण्यातच आहे!"

शेवरीनं वाद घातला नाही. ती माहेरी चालली होती. तिच्या धाकट्या बहिणीला दिवस गेले होते.

"मुलगा झाला आणि फार गुणी निघाला," तिनं बहिणीला सांगितलं, "तर त्याच दिवशी मला हाक मार."

तात्पर्य: घरात मूल आजारी पडलं की आधी दोष कोणाचा ते ठरवावं आणि तो नेहमीप्रमाणे आईच्या माथी मारावा. त्याशिवाय तिला उपचार करायची मोकळीक मिळत नाही. फक्त मुलांनो, मारायचाच तर पहिल्या दिवशी मारावा. कासवाची वाट बघू नये.