बबड्याची बाटली

शांपूच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला टक्कल पडावं हा एक अन्याय, आणि बेचाळिसाव्या वर्षीही घरी त्याला 'बबड्या' म्हणावं हा दुसरा. ऑफिसात मात्र तो साहेब होता. बाटली तीच, किंमत तीच आणि आतला शांपू वीस मिलीने कमी, ही गेल्या वर्षीची युक्ती त्याचीच. तिच्यासाठी त्याने भर सभेत टाळ्या घेतल्या होत्या. आता बढतीचं पत्र तयार होतं, फक्त मोठ्या बाईंची सही राहिली होती.

मोठ्या बाई म्हणजे मुख्य कचेरीतल्या सर्वांत वरच्या. त्या दिवशी त्या खुद्द आल्या, त्याही त्याच्याच अहवालामुळे. आठवड्याच्या बाजारात कुणीतरी कंपनीच्या रिकाम्या बाटल्यांत बनावट माल भरून झाकणाच्या मापाने विकतं, असं त्यात लिहिलं होतं.

"चला, डोळ्यांनी बघू," बाई म्हणाल्या.

गाडी निघते न निघते तोच त्याचा फोन वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला आहे हे लक्षात येईपर्यंत आईचा आवाज गाडीभर घुमला होता.

"बबड्या, डबा इथंच राहिला बघ तुझा! आणि उन्हात फिरणार असशील तर टोपी घाल हो, डोकं भाजतं तुझं."

"कामात आहे गं," तो पुटपुटला आणि फोन बंद केला. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना काही ऐकू आलं नसावं, असं त्याने स्वतःला पटवलं.

बाजाराच्या टोकाला ताडपत्रीच्या सावलीत झाकणवाली बसली होती. उलट्या खोक्यावर कंपनीच्या डझनभर बाटल्या, लख्ख पुसलेल्या. हमाल, धुणीवाल्या, शिवणकाम करणाऱ्या पोरी एकेक डबी पुढे करत होत्या आणि ती काठोकाठ झाकण भरून डबीत ओतत होती.

"परवाना आहे का?" त्याने बाईंना ऐकू जाईल अशा बेताने आवाज चढवला.

"कसला, साहेब? अख्खी बाटली परवडली असती तर ही माणसं माझ्याकडे कशाला आली असती?"

"बनावट माल विकते आणि वर तोंड करून बोलते!" असं म्हणून त्याने एक बाटली उचलली आणि मोठ्या ऐटीत बाईंच्या डोळ्यांसमोर धरली.

बाटलीच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी होती. तिच्यावर बॉलपेनने गोलगोल अक्षरांत लिहिलं होतं: 'बबड्याची बाटली. दुसऱ्याने हात लावू नये.'

अक्षर आईचं होतं. घरात भाऊ, वहिनी, चार पुतणे आणि एकच मोरी. रोजची भांडणं मिटावीत म्हणून आईने प्रत्येकाच्या बाटलीला पट्टी लावली होती. लेकाच्या डोक्यावर चार केस उरले तरी त्याची बाटली ती न चुकता वेगळी काढायची. रिकामी झाली की ती कुठे जाते, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

बाईंनी पट्टी मोठ्याने वाचली. "कोण हा बबड्या?"

झाकणवालीने त्याच्याकडे नीट बघितलं. आधी टक्कल, मग नाक. नाक थेट आईचं होतं. तिला कळलं, आणि तिला कळलंय हे त्यालाही कळलं.

"असेल कुणाचं तरी लाडकं लेकरू," ती म्हणाली. "बाटल्या देणाऱ्याचं नाव सांगायचं नसतं, बाई. विश्वासाचा धंदा आहे."

बोलायची वेळ तीच होती. तो बोललाही. म्हणाला, "सगळ्या बाटल्या गाडीत टाका!"

"झाकणं तरी ठेवा, साहेब. मापाला लागतात."

त्याने झाकणंही ठेवली नाहीत.

परत जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "माल प्रयोगशाळेत पाठवा. आणि हा बबड्या मला आठ दिवसांत हवा."

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "बाटल्या नेणारी आली नाही रे आज. कधी चुकत नाही बिचारी. आजारी असेल का?"

पुढचे आठ दिवस तो 'शोध चालू आहे' असं लिहून पाठवत राहिला आणि दाढी करताना आरशातल्या आरोपीची नजर चुकवत राहिला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, पण बढतीची आशाही सुटत नव्हती, आणि त्याची तर आणखीच लाज वाटत होती.

आठव्या दिवशी बाईंनी त्याला बोलावून प्रयोगशाळेचा कागद पुढे सरकवला. 'माल अस्सल, कंपनीच्याच मोठ्या कॅनमधला. तफावत एकच. नव्याने भरलेल्या प्रत्येक बाटलीत छापील मापापेक्षा वीस मिली जास्त.'

झाकणवाली बाटलीसुद्धा गळ्यापर्यंत भरत होती. तिला त्याची युक्ती कुणी सांगितलीच नव्हती.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "बबड्या मीच."

"माहीत आहे. तुमच्या आईंचा आवाज चांगला खणखणीत आहे. तुम्ही कधी सांगता, याची वाट बघत होते." त्यांनी बढतीचं पत्र खणात टाकलं आणि खण लावून घेतला. "बाटल्या परत देऊन या. स्वतः जा. झाकणांसकट."

पुढच्या बाजाराला तो भरलेलं खोकं छातीशी धरून सगळ्यांच्या देखत ताडपत्रीपर्यंत चालत गेला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

झाकणवालीने आधी झाकणं तपासली, मग बाटल्या मांडायला घेतल्या. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तेवढ्यात एका धुणीवालीने डबी पुढे केली.

"माझे हात गुंतलेत," झाकणवाली म्हणाली. "तेवढं एक झाकण द्या तिला."

तो खाली बसला. त्याने बाटली तिरकी केली, झाकण भरलं, आणि काठाच्या जरासं खालीच सवयीने त्याचा हात थांबला.

दोघीजणी झाकणाकडे बघत राहिल्या.

"काठापर्यंत भर, बबड्या," झाकणवाली हळूच म्हणाली.

मान वर न करता त्याने काठापर्यंत भरलं.