बाबांची गाडी, सगळी ओरिजिनल

"साहेब, पार्ट ओरिजिनल टाकायचे की कॉपी?" मिस्त्रीनं विचारलं आणि मी पटकन म्हणालो, "ओरिजिनल." (एरवी मी अर्धा किलो टोमॅटोसुद्धा बायकोला फोन केल्याशिवाय घेत नाही.) पण हा माझा प्रांत होता. ऑफिसात वीस वर्षं मी एकच काम करतोय. लोकांच्या झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून बघायच्या आणि शिक्का मारायचा. मूळ कागद नसेल तर मी सख्ख्या सासऱ्यालाही परत पाठवतो. पाठवलंय एकदा.

गाडी बाबांची. आई वारली त्या वर्षी गाडी शेडमध्ये गेली ती गेलीच. पाठोपाठ बाबांची नजर गेली. आधी ते कमी बोलायला लागले, मग बोलेचनात. एके दिवशी जेवताना मात्र म्हणाले, "गाडी चालू झाली तर एकदा बसेन म्हणतो. तुझी आई बसायची त्या बाजूला." एवढंच. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये.

बायको म्हणाली, काय करायचं ते बाबांना विचारून करा. मी म्हटलं, सरप्राइज आहे. ती म्हणाली, तुमची सरप्राइजं मला ठाऊक आहेत. (गेल्या वर्षी मी तिला न सांगता स्वयंपाकघराला रंग दिला होता. ओट्यासकट.)

कुठून तरी मी कंपनीचा जुना कॅटलॉग पैदा केला आणि एकेका पार्टवर टिक मारत सुटलो. काच वरखाली करायच्या एका हँडलसाठी तीन बस बदलून गेलो. साइडच्या आरशासाठी एका अनोळखी आजोबांच्या बैठकीत चार तास त्यांच्या मूळव्याधीची हकीकत ऐकली. सात महिने असे गेले.

मधे एकदा मिस्त्रीनं काढलेल्या सामानाचा ढीग दाखवला. गिअरची मूठ पितळेची होती, कोणीतरी हातानं घडवलेली. आईच्या बाजूच्या दाराला काचेचं हँडल म्हणून कपाटाची मूठ बसवलेली होती. सीटची कव्हरं जुन्या पडद्यांची. काम चांगलं आहे, ठेवू का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी कॅटलॉग उघडला. त्यात पितळ नव्हतं, पडदेही नव्हते. नुसतं चांगलं असून चालत नाही, मूळचं लागतं, असं मी त्याला ऑफिसातल्या आवाजात सुनावलं आणि ढीग भंगारात दिला. बाबा जन्मभर कारखान्यात लेथवर होते आणि घरातलं सगळं शिवणकाम आई करायची, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण कॅटलॉग हातात आला की माझं डोकं बंद पडतं.

रविवारी गाडी दारात आली. मी बाबांना हाताला धरून नेलं आणि आईच्या जागेवर बसवलं. मिस्त्रीनं इंजिन चालू केलं. पूर्वी ते खोकायचं, आता गुमान चालत होतं. बाबांचा हात दारावर गेला. वर शोधलं, खाली शोधलं, हँडलवरून बोटं फिरवली आणि सोडून दिलं. मग गिअरची मूठ चाचपली. शेवटी सीटवरून तळवा फिरवत राहिले. बायकोनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला.

"छान आहे," बाबा म्हणाले. "कोणाची गाडी?"

खरं सांगायचा धीर झाला नाही. "ऑफिसातल्या एकाची," मी म्हणालो. "आपली गॅरेजमध्ये आहे. म्हटलं, तोवर हिच्यातून एक चक्कर मारू."

"मालकाला सांग, निगुतीनं ठेवलीय हो." सात महिन्यांत ते एवढं पहिल्यांदाच बोलत होते. "आपली कधी होईल?"

भंगार केव्हाच भट्टीत गेलं होतं. मला तिथेच बसून रडावंसं वाटत होतं. पुढच्या महिन्यात, असं मी कसंबसं सांगितलं.

बाबांनी अंदाजानं माझा खांदा शोधला आणि थोपटला.

"घाई नाही रे. फक्त तू स्वतः तिला हात लावू नकोस."